धुळीवरील बोटांच्या खुणा

इटलीतील बेर्गामो येथील धर्मगुरू एव्हारिस्तो बास्केनिस (१६१७–१६७७) हे वाद्यांच्या स्थिरचित्रांसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांत वादक बहुधा नसतोच. मेजावर ल्यूट नावाची तंतुवाद्ये पालथी पडलेली असतात; त्यांच्या फुगीर पाठीवर धूळ, आणि त्या धुळीत बोटे फिरल्याच्या रेषा. धूळ म्हणजे ऐहिक सुखाची नश्वरता, असा अर्थ अनेक टीकाकार लावतात. उपदेशकास तो सोयीचाही आहे. परंतु तेवढेच दाखवावयाचे असते, तर अखंड धूळ पुरेशी होती. त्या रेषांमुळे कोणाचा तरी हात आठवतो, आणि तारा दृष्टीआड असूनही विरलेला नाद मनात उमटतो. अल्यार्दी घराण्याच्या त्रिदली चित्रात तर हे धर्मगुरू स्वतःच स्पिनेट या पट्ट्यांच्या वाद्यापाशी बसलेले दिसतात.