वेटसूट किती घट्ट हवा? पाणबुड्याच्या कपड्यांची दोनशे वर्षांची गोष्ट

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, किंवा भाईंदर लोकलच्या गर्दीत इअरफोन पडून गेला, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जे बोललो तेच थोडं आवरून लिहिलंय.

या भागाचं निमित्त आहे मीरा रोडच्या एका श्रोत्याचा मेसेज. पठ्ठ्या मालवणला स्कूबाचा कोर्स करायला निघालाय. ऑनलाइन तीन मिलिमीटर जाडीचा वेटसूट मागवला. घालायलाच वीस मिनिटं लागली. पुढे लिहितो, "दादा, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय. सात दिवसांत परत करता येतो. ठेवू, की एक साइज मोठा घेऊ?"

प्रश्न साधा आहे. पण उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं की पाण्याखालचा कपडा घट्ट हवा की सैल, याचं उत्तर इतिहासात दोन-तीनदा पार उलटं झालंय. दर वेळी कारण एकच होतं. माणसाला ऊब नक्की कुठून मिळते, याचा विचार बदलला की कपड्याचं मापही बदललं.

आधी सगळं सैल होतं

1823 साली चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन पाणी न शिरणारं कापड बनवलं. आपण रेनकोटसाठी वापरतो त्याचे हे पूर्वज. पुढे 1830च्या दशकात लंडनमध्ये राहणाऱ्या ऑगस्टस सीबे या जर्मन वंशाच्या कारागिराने असल्या कापडाचा पूर्ण बंद पोशाख तयार केला. वर तांब्या-पितळेचं गोल शिरस्त्राण, पायात जड बूट आणि बोटीवरून नळीने येणारी हवा. जुन्या चित्रपटांत समुद्राच्या तळावर जड पावलं टाकत चालणारा पाणबुड्या आठवा, तोच हा. 1782 मध्ये इंग्लंडच्या पोर्ट्समथजवळ बुडालेल्या 'रॉयल जॉर्ज' या युद्धनौकेवर 1839 पासून जे काम झालं, त्यात हा पोशाख चांगलाच नावारूपाला आला.

हा पोशाख मुद्दाम ढगळ असायचा. कारण पाणी आत येऊच द्यायचं नाही, आणि आतमध्ये लोकरीचे कपडे चढवायचे, अशी ती योजना. ऊब लोकरीत आणि हवेत होती. रबराचं कापड फक्त दरवानासारखं बाहेर उभं. तेव्हा कुणी "अंगाला चिकटतोय का?" असं विचारलं असतं तर लोक हसले असते. चिकटला तर लोकर मावणार कुठे?

मग 1943 मध्ये फ्रान्समध्ये जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी ॲक्वालंग बनवलं. हवा पाठीवरच्या सिलिंडरमध्ये आली आणि नळी सुटली. चालणारा पाणबुड्या आता पोहायला लागला. ढगळ पोशाख घालून पोहता थोडंच येतं! दुसऱ्या महायुद्धातले नौदलाचे पोहणारे सैनिक पातळ रबरी सूट वापरायचे, आत पुन्हा लोकर. अडचण अशी की खडकावर घासून सूटला छोटं भोक पडलं तरी पाणी आत, लोकर ओली, आणि ऊब संपली.

ब्रॅडनरने प्रश्नच उलटा केला

1951 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमधले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर हा प्रश्न सोडवायला बसले. हे गृहस्थ आधी अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पावर काम केलेले. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांना थंड पाण्यात जास्त वेळ काम करता यावं, ही गरज होती. सगळे विचारत होते, पाणी आत येऊ नये म्हणून काय करायचं? ब्रॅडनर म्हणाले, येऊ दे की! अंग ओलं झालं म्हणून माणूस गारठत नाही. अंगाची उष्णता बाहेर निघून गेली की गारठतो.

आता इथे थोडं शास्त्र, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून 27 अंशांच्या हवेत आपण घामाघूम होतो, आणि 27 अंशांच्या पाण्यात तासभर राहिलं की दात वाजायला लागतात. ब्रॅडनरनी फेसाळ निओप्रीन घेतलं. निओप्रीन हे कृत्रिम रबर ड्यूपॉन्ट कंपनीने 1930च्या सुमाराला शोधलेलं. फेसाळ म्हणजे त्यात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे, आणि प्रत्येक बुडबुडा आपापल्या जागी बंद. हे बुडबुडे उष्णता अडवतात.

बरेच लोक सांगतात की वेटसूटच्या आतला पाण्याचा थर तापतो आणि तो रजईसारखं काम करतो. हे अर्धंच खरं. रजई म्हणजे ते बुडबुडे. आतल्या पाण्याचं काम एवढंच की एकदा तापल्यावर गप्प बसायचं. ते हलायला लागलं, बाहेर जाऊन नवं गार पाणी आत यायला लागलं, की तुमचं शरीर अख्खा समुद्र तापवायला बसलंय असं समजा. वेटसूट घट्ट हवा तो यासाठी. पाणी शिरू नये म्हणून नव्हे, शिरलेलं पाणी फिरू नये म्हणून.

ब्रॅडनर या कल्पनेतून पैसा करण्याच्या मागे लागले नाहीत. नौदलालाही शंका होती की बुडबुड्यांचा हा सूट शत्रूच्या सोनारवर उठून दिसेल. बाजारात वेटसूट पोचवला तो कॅलिफोर्नियाच्याच सर्फिंगवाल्यांनी. सॅन फ्रान्सिस्कोत 1952 मध्ये दुकान काढणारे जॅक ओनील, आणि दक्षिण कॅलिफोर्नियातले बॉब आणि बिल मिस्ट्रेल हे जुळे भाऊ. या भावांच्या ब्रँडचं नाव बॉडी ग्लोव्ह, म्हणजे शरीराचा हातमोजा. माप कसं हवं ते नावातच आलं. वेटसूटचा खरा जनक कोण यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. ब्रॅडनर यांच्या 1951 च्या एका पत्राने पारडं त्यांच्याकडे झुकवलं.

सुरुवातीचे सूट घालणं ही शिक्षाच होती. आतून उघडं रबर, ते अंगाला चिकटायचं. टाल्कम पावडर फासून आत शिरायचं, आणि जोर लावला की टर्रकन फाटायचं. नंतर निओप्रीनला नायलॉनचं अस्तर आलं आणि सुटका झाली. आजचं निओप्रीन तर भरपूर ताणतं. त्यात एक गंमत आहे, चुकीच्या मापाचा सूटही अंगावर चढतो. चढला म्हणजे बसला, असं नाही.

आणि पुन्हा एक उलटी कोलांटी ऐका. उत्तर समुद्रासारख्या थंड पाण्यात तेलविहिरींच्या कामासाठी फार खोल जाणारे डायव्हर गरम पाण्याचा सूट घालतात. जहाजावरून नळीने गरम पाणी येतं, सूटमधून फिरतं आणि बाहेर जातं. तो सूट सैल असतो, कारण तिथे पाणी फिरलंच पाहिजे. ऊब येण्याची जागा बदलली आणि माप परत ढगळ झालं.

सूट नव्हता तेव्हा ऊब कुठून यायची?

कोरियाच्या जेजू बेटावर हेन्यो नावाच्या बायका आहेत. पिढ्यान् पिढ्या एका दमात बुडी मारून शंख-शिंपले काढणाऱ्या. 1970च्या दशकापर्यंत त्या साध्या सुती कपड्यांत, भर हिवाळ्यात, 10 अंशांच्या आसपासच्या पाण्यात उतरायच्या. शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की हिवाळ्यात त्यांचं शरीर जास्त उष्णता तयार करतं, आणि इतर बायकांना जिथे कापरं भरतं तिथे त्यांना भरत नाही. 1977 च्या सुमाराला त्यांनी वेटसूट घालायला सुरुवात केली. काही वर्षांतच ही खास ताकद त्यांच्या शरीरातून ओसरली. बदल्यात त्या कितीतरी जास्त वेळ पाण्यात राहू शकल्या. म्हणजे कमाई वाढली आणि मेहनतीचे तासही वाढले. जपानमध्ये काही गावांनी आपल्या पाणबुड्या बायकांच्या वेटसूटवर मर्यादा घातल्या. सगळेच तासन्‌तास खाली राहिले तर शिंपले उरणार नाहीत, हे त्यांना कळत होतं.

आता आपल्या दारात या. भाईंदर आणि नायगावच्या मधली खाडी आपण रोज लोकलमधून ओलांडतो. या वसईच्या खाडीत, आणि पुढे ठाण्याकडे उल्हास नदीच्या पट्ट्यात, वर्षानुवर्षं रेती काढली गेली. सक्शन पंपाच्या आधीची पद्धत म्हणजे डुबी. सरकारी कागदांत आजही 'हातपाटी-डुबी' हा शब्द आहे. माणूस होडीतून बादली घेऊन उतरतो, रोवलेल्या बांबूला धरून तळाशी जातो, एका दमात बादली रेतीने भरतो, वरचे लोक दोराने ती ओढून घेतात. हे दिवसभर. पाणी गढूळ, डोळ्यांना काही दिसत नाही, सगळा अंदाज हाताचा. मीरा-भाईंदर, वसई, ठाण्याच्या कितीतरी इमारतींच्या भिंतींत ही रेती आहे.

डुबी मारणाऱ्याच्या अंगावर वेटसूट नसतो. "आपल्याकडे पाणी गरमच, त्याला कशाला हवा?" असं वाटेल. पण मुंबईजवळच्या समुद्राचं पाणी साधारण 24 ते 30 अंशांत असतं. माणूस स्वस्थ पडून राहिला आणि तरी गारठू नये, यासाठी पाणी 33 ते 35 अंश लागतं. म्हणजे आपलं 'गरम' पाणीसुद्धा तासागणिक शरीरातून उष्णता ओढतच असतं. शिवाय त्याला सूट दिला तरी भागणार नाही. निओप्रीनमधले बुडबुडे माणसाला वर तरंगवतात. खाली जायला कमरेला शिसं बांधावं लागेल, आणि शिसं बांधून दिवसभर वर-खाली कोण करणार? एका बादलीच्या हिशोबावर चालणाऱ्या कामात त्याची ऊब म्हणजे त्याचं स्वतःचं अंग. ती पोटातल्या भाकरीवरच चालते.

सूटच्या मापाचे तक्ते बघताना मला हा माणूस आठवतो. आपल्याकडे खरा पाणबुड्या आधीपासून होता. त्याच्या मापाचा कपडा शिवायचा विचार कुणी केला नाही, एवढंच.

तर मित्रा, तुझ्या सूटचं काय?

मालवण-तारकर्लीच्या पाण्यात तीन मिलिमीटर पुरेसा आहे. तिथे सूट थंडीइतकाच खडकाच्या ओरखड्यांपासून आणि जेलीफिशच्या डंखापासून वाचवतो. बाकी असं तपास:

पहिली गोष्ट, कोरडा असताना सूट घट्टच वाटतो. पाण्यात गेल्यावर थोडा सैलावतो, वापरून आणखी थोडा. म्हणून दुकानात 'आरामशीर' वाटणारा सूट पाण्यात बहुतेक ढगळ निघतो. पहिल्यांदा घालायला वीस मिनिटं लागली यात काही बिघडलेलं नाही. पायात प्लास्टिकची पिशवी घालून सरकव, लवकर जाईल. नखाने ओढू नकोस, बोटांच्या पेरांनी ओढ. पोटऱ्या आणि मांड्यांवर सूट नीट वर आला नाही तर सगळा ताण छातीवर आणि खांद्यांवर येतो. तुझ्या "कुणीतरी बसलंय"चं कारण हेही असू शकतं. आधी पायापासून पुन्हा चढवून बघ.

दुसरी, पोकळी शोध. कमरेच्या वरचा पाठीचा खोलगट भाग, काखा आणि जांघ, या तीन ठिकाणी कापड अंगापासून सुटलेलं असेल तर पाणी तिथे पंपासारखं आत-बाहेर करणार. घड्या पडत असतील तरी तेच.

तिसरी, हालचाल. दोन्ही हात वर कर, उकिडवा बस, पूर्ण श्वास घे. दाब जाणवेल, पण छाती पूर्ण फुगली पाहिजे. पुन्हा नीट चढवल्यावरही श्वास अर्ध्यावर अडकत असेल तर सूट परत कर. हात किंवा बोटं बधिर होत असतील तरी परत कर.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, गळा. कॉलर चिकटून हवी, पण आत एक बोट सहज गेलं पाहिजे. मानेच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांवर सतत दाब पडला तर हृदयाचे ठोके मंदावतात, डोकं हलकं होतं, चक्करही येऊ शकते. जमिनीवर चक्कर आली तर माणूस खुर्चीत बसतो. पाण्याखाली खुर्ची नसते. गळ्याच्या बाबतीत "वापरून सैल होईल" हे कुणाचंही ऐकू नकोस.

आणि साइजचा आकडा बघून ठरवू नकोस. दर कंपनीचा तक्ता वेगळा, आणि यातले बरेचसे तक्ते युरोप-अमेरिकेतल्या अंगकाठीवर बेतलेले. उंची, छाती, कंबर टेपने मोज. छातीला एक साइज आणि उंचीला दुसरा येत असेल तर आखूड बाह्यांचा आणि आखूड पायांचा सूट बघ. आपल्या पाण्याला तो चालतो, आणि बसायला सोपा जातो. मे महिन्याच्या उन्हात होडीवर पूर्ण सूट चढवून अर्धा तास ताटकळणं हीसुद्धा शरीराला शिक्षाच आहे, त्यामुळे चेन शेवटी लाव.

शेवटचं. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, निओप्रीनमधले बुडबुडे निम्मे होतात आणि सूट पातळ पडतो. वर असताना नेमका बसलेला सूट खाली कमी ऊब देतो. म्हणून खाली गेल्यावर गारठा वाटायला लागला तर दात आवळून बसू नकोस. इन्स्ट्रक्टरला खूण कर आणि वर ये. गारठलेला माणूस जास्त हवा ओढतो आणि त्याचे निर्णय चुकतात.

मालवणहून आलास की मेसेज कर, सूट ठेवला की परत केला ते. आणि मंडळी, तुमच्या घरात, चाळीत, गावात कुणी डुबी मारून रेती काढली असेल, तर त्यांच्याशी बोला, रेकॉर्ड करा, मला पाठवा. वेटसूटचा इतिहास पत्रांत आणि पुस्तकांत जपलेला आहे. डुबीचा इतिहास अजून त्या माणसांच्याच तोंडी आहे.

भेटू पुढच्या भागात.