विराम आणि संज्ञा : फ्लायफेकीच्या शिक्षणाचा इतिहास

हस्तकौशल्य शब्दांनी शिकविता येते काय, या प्रश्नाचे उत्तर आयझॅक वॉल्टनने १६५३ साली नकारार्थी दिले. तलवारबाजीवर ग्रंथ लिहून उपहासास पात्र ठरलेल्या हेल्स या पटाईताचा दाखला ‘द कम्प्लीट अँग्लर’च्या आरंभी देऊन, गळाने मासे धरण्याची विद्याही सरावानेच साध्य होते, असे त्याने बजाविले. पुढील तीन शतकांचा इतिहास हा या मताच्या कसोटीचा इतिहास होय.

फ्लाय म्हणजे गळावर पिसे व रेशीम गुंडाळून केलेला कृत्रिम कीटक. शिसे लावलेला गळ फेकला असता दोरी त्यामागोमाग जाते. फ्लायला मात्र वजन जवळजवळ नसतेच. म्हणून येथे फेकावयाची असते ती दोरी. पाठीमागे उलगडलेल्या दोरीच्या भाराने छडी वाकते आणि सरळ होताना दोरीस पुढे लोटते. दोरी उलगडण्यापूर्वीच हात पुढे आला, तर चाबकासारखा आवाज होतो आणि प्रसंगी फ्लाय तुटून जातो. यास्तव पाठीमागचा विराम हा नवशिक्याचा सर्वांत अवघड धडा ठरतो. कारण ज्याची वाट पाहावयाची, ते त्याच्या नजरेआड असते.

१४९६ साली छापलेल्या इंग्रजी प्रबंधात बारा फ्लायांचे मासवार वर्णन आढळते. १६७६ साली चार्ल्स कॉटनने वॉल्टनच्या ग्रंथास फ्लायविषयक भाग जोडला. त्या काळी घोड्याच्या केसांची दोरी लांब छडीच्या टोकासच बांधीत. एकोणिसाव्या शतकात बांबूच्या चिरफाळ्या जोडून केलेल्या छड्या आणि तेल दिलेल्या रेशमी दोऱ्या प्रचारात आल्या. तरंगत्या फ्लायची पद्धती फ्रेडरिक हॅल्फर्डने १८८९ च्या ग्रंथात मांडली. ओला फ्लाय वाळविण्यासाठी दोरी हवेतच वारंवार मागेपुढे न्यावी लागे; त्यामुळे विरामाचे महत्त्व अधिकच वाढले.

छडी कोठे थांबवावी, हे सांगण्यासाठी शिक्षकांनी घड्याळाच्या तबकडीचा आधार घेतला. परंतु तबकडी स्थान दाखविते, वेळ दाखवीत नाही. शिवाय दोरी जितकी लांब सोडावी, तितका विराम वाढवावा लागतो. ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. फेकीच्या स्पर्धांत नाव मिळविलेल्या जोन वुल्फ यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात हाताच्या एकाच हालचालीचे टप्पे वेगळे केले. छडीवर भार घेण्याची संथ सुरुवात आणि शेवटचा जोरकस झटका यांस त्यांनी स्वतंत्र संज्ञा दिल्या.

संज्ञेने हात वळत नाही, हे खरे. तथापि आपल्या शिक्षाग्रंथांनी स्थान व प्रयत्न यांना नावे दिल्यामुळे उच्चारातील दोष नेमका दाखविता येऊ लागला. तद्वतच येथेही चूक कोणत्या टप्प्यात झाली, हे शिक्षकास सांगता येऊ लागले. हेल्सच्या पुस्तकातून पुष्कळ उपयुक्त गोष्टी शिकण्याजोग्या आहेत, अशी कबुली वॉल्टननेही दिली होती. सरावाची जागा शब्द घेत नाहीत. सराव कशाचा करावयाचा, ते मात्र शब्दच ठरवितात.