ना चतुर, ना टाचणी

ओढ्याकाठी बसलेला चतुर कोणता आणि टाचणी कोणती, हे सांगायला आपल्याकडची पोरंसुद्धा सहसा चुकत नाहीत. चतुर पंख पसरून बसतो, टाचणी बहुधा ते पाठीवर मिटून घेते. जपानच्या डोंगरओढ्यांवर मात्र दोघांचाही हिशेब चुकवणारा एक कीटक उडतो. अंग चतुराचं, दणकट. पंख टाचणीचे: बुडाशी निमुळते, पुढची-मागची जोडी जवळपास सारखी, आणि बसला की मिटलेले.

1889 मध्ये बेल्जियमच्या सेलिस-लाँगशां यांनी त्याचं वर्णन केलं. जातीचं नाव ठेवलं ‘सुपरस्टेस’, म्हणजे मागे उरलेला. एपिओफ्लेबिया हे प्रजातीचं नाव नंतर आलं. जपानी माणूस त्याला ‘मुकाशी-तोम्बो’ म्हणतो. तोम्बो म्हणजे चतुर आणि मुकाशी म्हणजे फार पूर्वी. आपली कहाणी ‘आटपाट नगर होतं’ने सुरू होते, तशी त्यांची गोष्ट ‘मुकाशी मुकाशी’ने. लॅटिनपेक्षा हे बारसं मला जास्त पटतं.

शास्त्रज्ञांनी त्याची सोयरीक ज्युरासिक खडकांतल्या पंखांच्या ठशांशी जुळवली आणि त्या गटाचं नावही चतुर-टाचणी असं जोडूनच ठेवलं. पण म्हणून तो दोघांचा पूर्वज ठरत नाही. हल्लीच्या वंशावळीत तो चतुराचा जवळचा भाऊबंद आहे, इतकंच.

हिमालयातल्या शाखेचा शोध पोरावरून लागला. 1918 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ स्टॅन्ली केम्प यांना दार्जिलिंगजवळच्या सोनादा इथे ओढ्यात एक पिल्लू मिळालं. चतुराची पिल्लं पाण्यातच वाढतात, पण हे नेहमीच्या चतुराचं नव्हतं. कीटकशास्त्रज्ञ टिलयार्ड यांनी 1921 मध्ये ते या प्राचीन कुळातलं असल्याचं सांगितलं, आणि जातीला नाव मिळालं लेडलॉई. पंखवाला बाप्या हाती लागायला पुढे काही दशकं जावी लागली. घराणं नक्की झालं ते रांगत्या पोरावरून!

पोरही अजबच. पोटाच्या बाजूंना खरबरीत पट्टे असतात. त्यांवर मागचे पाय घासून ते आवाज काढतं. थंडगार, वेगाने धावणाऱ्या पाण्यात दगडांना चिकटून त्याची पाचेक वर्षं, कधी त्याहूनही जास्त, जातात.

जपान आणि हिमालय यांच्यात हजारो किलोमीटरचं अंतर. तरी दोन्हीकडच्या जातींची जनुकं ताडून पाहिली, तर फरक अगदी किरकोळ निघाला. हिमयुगात थंड ओढे सखल भागातही असावेत आणि हे कुळ मधल्या मुलखात पसरलेलं असावं, असा तर्क त्यावरून निघाला. 2012 मध्ये ईशान्य चीनमधल्या हेलाँगजियांगहून आणखी एका जातीचं वर्णन झालं.

जपानमधलं पिल्लू मोठं व्हायच्या बेताला आलं, की पाणी सोडून काठावर येतं. लगेच कात टाकून उडत मात्र नाही. ओलसर पाचोळ्यात, दगडांखाली काही आठवडे दडून बसतं. मग एका सकाळी झाडाझुडपावर चढतं.