कापसाची तार आणि संकेतांची वही

१९२० च्या दशकात मुंबईचा कापूसबाजार कुलाब्याहून शिवडीजवळच्या कॉटन ग्रीनला आला. लिव्हरपूलशी भावांची बोलणी तारेने चालत. तार मात्र वाटेतल्या प्रत्येक तारबाबूला वाचता येई. म्हणून पेढ्या खासगी सांकेतिक शब्द वापरत. (छापील कोडबुके मिळत, पण ती मुख्यतः शब्दांचा खर्च वाचवण्यासाठी.) अडचण एकच: संकेतांची वही दोन्ही टोकांना आधी पोचवावी लागे, आणि ती फुटली की सारा व्यवहार उघडा.

१९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी उघड्या वाहिनीवरच सामायिक गुप्त किल्ली ठरवण्याची रीत मांडली. दूरच्या संगणकाशी जोडणारे एसएसएच आज तीच वापरते. १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी ते लिहिले, विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डचोरी झाल्यावर. तरी पहिल्या जोडणीत समोरचा संगणक खरा की तोतया, हे त्याच्या किल्लीचा ठसा दुसऱ्या मार्गाने पडताळूनच कळते.