स्नोमोबाइलच्या ड्राइव्ह बेल्टची निगा

स्नोमोबाइलचे इंजिन आणि बर्फावर फिरणारा ट्रॅक यांच्यामधील दुवा म्हणजे रबराचा ड्राइव्ह बेल्ट. दोन पुलींच्या तिरप्या चकत्यांमध्ये दाबला जाऊन तो शक्ती वाहून नेतो. काश्मीरमध्ये सुमारे २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्ग येथे पर्यटकांना फिरवणाऱ्या ‘स्नो स्कूटर’ याच जातीच्या.

बेल्टचा खरा शत्रू उष्णता होय. बेल्ट घसरला की तापतो, त्याच्या कडा चकाकत्या होतात आणि पकड आणखी सुटते. रात्रीच्या थंडीत ट्रॅक गोठून जमिनीला चिकटला असता एकदम थ्रॉटल दिल्यास पुली एकाच जागी बेल्टला घासते व तेथे जळका खड्डा पडतो. त्यामुळे प्रथम इंजिन तापू द्यावे आणि वाहनाचा मागील भाग उचलून ट्रॅक मोकळा करावा. भुसभुशीत बर्फात रुतलेले वाहनही इंजिनाच्या जोरावर उपसू नये. फावडे केव्हाही स्वस्त पडते.

नवा बेल्ट साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून बसवावा आणि पहिले साधारण ५० किलोमीटर वेग आवरता ठेवावा. बेल्ट वारंवार तुटत असल्यास दोष बहुधा त्याचा नसतो. पुली एका रेषेत आहेत का, इंजिनाचे माउंट ढिले झाले आहेत का, हे तपासावे. तुटलेल्या बेल्टचे धागे पुलीत राहिल्यास दुसराही लवकर निकामी होतो. जादा बेल्ट सोबत असणे अनिवार्यच, मात्र तो वाहनाच्या निर्मात्याने सांगितलेल्या क्रमांकाचाच हवा.