बीज आणि क्षेत्र

पुरुष हा बीज पेरणारा आणि स्त्री हें केवळ क्षेत्र, ही उपमा आपल्या समाजाच्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ती खरी कीं खोटी हें विचारण्याचें सहसा कोणास सुचत नाहीं. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत ती आहे. ग्रीस देशीं ॲरिस्टॉटलनेंही थोड्या फरकानें तेंच सांगितलें: माता द्रव्य पुरविते, त्यास आकार देणारी शक्ति पित्याची. आयुर्वेदानें मात्र शुक्र व शोणित या दोहोंच्या संयोगांतून गर्भ मानला, हें नमूद केलें पाहिजे. तथापि मातेकडून नेमकें काय येतें, हें प्रत्यक्ष पाहण्यास मनुष्यजातीला फार काळ लागला. त्या शोधाची कथा येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वेनें इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या राखीव रानांतील हरिणी समागमाच्या ऋतूनंतर एकामागून एक फाडून पाहिल्या. गर्भाशयांत कित्येक आठवडे त्यास कांहींच आढळलें नाहीं. तरीही सर्व प्राणी अंड्यापासून होतात, असें त्यानें १६५१ सालच्या आपल्या ग्रंथांत आग्रहानें मांडलें.

पुढें १६७७ सालीं लेव्हेनहूक यास सूक्ष्मदर्शकांतून शुक्रजंतु दिसले, आणि पारडें पुन्हां पित्याकडे झुकलें. १६९४ सालीं हार्टसूकरनें शुक्रजंतूच्या डोक्यांत गुडघे पोटाशीं घेऊन बसलेला इवलासा मनुष्य चितारला. तो त्यानें पाहिला नव्हता; तसा असावा, एवढीच त्याची कल्पना होती. ती खरी मानली, तर मातेचें पोट हें तयार मूर्तीचें कोठार ठरत होतें! उलटपक्षीं, दुसरे पंडित तीच मूर्ति अंड्यांत कल्पीत होते. पण सस्तन प्राण्याचें अंडें पाहिलें होतें कोणीं?

तें पाहिलें कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यानें, १८२७ सालीं, कोनिग्सबर्ग येथें. त्याचा सहकारी बुर्डाख याच्या घरची एक कुत्री त्यासाठीं मारण्यांत आली. तिच्या बीजकोशांतील एका पुटकुळींत त्यास पिवळसर ठिपका दिसला. तो सूक्ष्मदर्शकाखालीं धरतांच, वीज अंगावर पडावी तसा तो मागें सरला. दोन सहस्र वर्षें जिला क्षेत्र म्हटलें, तिच्याजवळही बीज होतें. पुढें १८७६ सालीं ऑस्कर हर्टविगनें समुद्रांतील अर्चिन नामक काटेरी प्राण्याच्या अंड्यांत पित्याचें व मातेचें अशीं दोन केंद्रकें एक होतांना पाहिल्याचें प्रसिद्ध केलें, आणि दोघांचा वाटा सिद्ध झाला.

मानवी गर्भाचे पहिले दिवस दिसण्यास आणखी साठ वर्षें जावीं लागलीं. १९३८ पासून अमेरिकेंत बोस्टनजवळ हर्टिग व रॉक या वैद्यांनीं, रोगामुळें ज्यांचें गर्भाशय काढावें लागणार होतें अशा स्त्रियांकडून, पहिल्या सतरा दिवसांतील ३४ गर्भ मिळविले. त्या स्त्रियांचीं नांवें ग्रंथांत नाहींत. ज्ञान मात्र त्यांच्या देहांतून आलें.

आज आपणांस माहीत आहे कीं, अंडें मिलिमीटरच्या दशांशाएवढें असतें. फलन झाल्यावर सुमारें एका दिवसानें त्याचे दोन, मग चार, मग आठ भाग होतात. आणि हे पहिले दोन-तीन दिवस सारा व्यवहार मुख्यतः मातेनें अंड्यांत बांधून दिलेल्या शिदोरीवर चालतो. पांचव्या दिवशीं त्याची पोकळ गोळी बनते. सहाव्या-सातव्या दिवशीं ती गर्भाशयाच्या अस्तरांत रुजूं लागते. तिसऱ्या आठवड्यांत तीन थर पडतात, आणि त्याच सुमारास हृदय स्पंदूं लागतें. मूर्ति कोठेंही तयार नव्हती. ती घडत गेली.

आणखी एक गोष्ट. १९०५ सालीं नेटी स्टीव्हन्स या विदुषीनें पिठांतील किड्याच्या पेशी तपासून दाखविलें कीं, नर कीं मादी हें पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतें. मनुष्यांतही तसेंच आहे. मुलगी झाली म्हणून सुनेस बोल लावणारीं घरें आजही आपल्यांत आहेत. त्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं ही कथा एकवार वाचावी, एवढीच आमची विनंति आहे.