कॉम्प्युटर अडला की ऑनलाइन मदत कुठे आणि कशी मागायची?

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतात ऑफिसे उघडत असतानाच लाखो विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडू लागले. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे हे घडले होते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातल्या सुमारे ८५ लाख कॉम्प्युटरना त्याचा फटका बसला. भारतातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

त्याच दिवशी रेडिटवर जगभरातले सिस्टम सांभाळणारे लोक एकमेकांना उपाय सांगत होते: कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये सुरू करा, सदोष फाइल काढा, पुन्हा सुरू करा. कुणाला ते जमले, कुणाला कुठे अडचण आली, हे खाली प्रतिसादांत दिसत होते. पण इंटरनेटवर दुसरीकडे याच बिघाडाचा ‘उपाय’ म्हणून व्हायरस असलेल्या फाइलीही फिरू लागल्या. घाबरलेल्या माणसाला खरा उपाय आणि सापळा दोन्ही सारखेच दिसतात.

ऑनलाइन मदत मिळणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. मिळालेल्या मदतीपैकी कोणती विश्वासाची, हे ओळखता येणे महत्त्वाचे आहे.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारले तर काय बिघडते?

नातेवाइकांच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर विचारणे सोपे असते. पण तिथे उत्तर देणाऱ्याचे चुकले तर ते दुरुस्त करणारे कुणी असेलच असे नाही. शिवाय दोन दिवसांत ते उत्तर ‘गुड मॉर्निंग’च्या खाली गाडले जाते. टेलिग्रामच्या बंद ग्रुपचेही तेच.

खुल्या चर्चागटात मात्र प्रश्न, उत्तर आणि त्यावरचे आक्षेप सगळ्यांसमोर राहतात. पाच वर्षांपूर्वी कुणाला आलेली अडचण आज सर्चमध्ये सापडते.

ही पद्धत आली कुठून?

वर्ल्ड वाइड वेब येण्याच्या कितीतरी आधी, १९८० मध्ये, यूजनेट ही चर्चागटांची व्यवस्था सुरू झाली. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांची ती कल्पना. विषयवार गट आणि त्यात कुणीही विचारलेले प्रश्न असे तिचे स्वरूप होते. ऑगस्ट १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टम बनवत असल्याचे याच व्यवस्थेतल्या एका गटात लिहिले. तीच पुढे लिनक्स झाली.

पुढे वेबवरची चर्चास्थळे आली. २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोने चांगल्या उत्तराला मते देऊन वर आणण्याची पद्धत रुळवली. आज बहुतेक ठिकाणी तीच दिसते.

विचारण्याआधी काय शोधावे?

बहुतेक अडचणी आधी कुणाला तरी आलेल्या असतात. म्हणून पहिले पाऊल शोधण्याचे.

- पडद्यावर आलेला एरर मेसेज जसाच्या तसा, दुहेरी अवतरणचिन्हांत टाकून सर्च करावा. त्याचे मराठीत भाषांतर करू नये. एरर कोड असेल तर तो अक्षर न अक्षर उतरवावा.
- मेसेजमधला आपल्या फोल्डरचा किंवा यूझरचा नावाचा भाग वगळावा. तो दुसऱ्या कुणाच्या मेसेजमध्ये नसतो.
- सोबत सिस्टमचे नाव आणि लॅपटॉपचे किंवा प्रिंटरचे मॉडेल जोडावे.
- निकाल फार जुने असतील, तर सर्चमधल्या साधनांतून गेल्या वर्षभराचेच निकाल निवडावेत.

कोणत्या अडचणीसाठी कुठे जावे?

- विंडोज, ऑफिस: मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे प्रश्नोत्तरांचे व्यासपीठ. तिथली काही उत्तरे ठरावीक साच्याची असतात, म्हणून इतर वापरकर्त्यांचे प्रतिसादही वाचावेत.
- मॅक, आयफोन: अ‍ॅपल सपोर्ट कम्युनिटी.
- कॉम्प्युटरच्या सर्वसाधारण अडचणी: सुपर यूझर. इथे नेमके प्रश्न चालतात. ‘कोणता लॅपटॉप घेऊ?’ असा प्रश्न विचारला, तर तो बंद केला जातो.
- उबंटू लिनक्स: आस्क उबंटू.
- व्हायरस, रॅन्समवेअर: ब्लीपिंग कॉम्प्युटर. तिथे व्हायरस काढण्याच्या विभागात प्रशिक्षित स्वयंसेवक एकेक पायरी सांगतात.
- मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड: टॉम्स हार्डवेअर.
- नेमके कुठे विचारावे हेच कळत नसेल तर: रेडिटवरचा ‘टेकसपोर्ट’ हा गट.
- प्रोग्रॅमिंग: स्टॅक ओव्हरफ्लो. प्रिंटर चालत नाही, असा प्रश्न तिथे टाकू नये.

अडचण एखाद्या विशिष्ट सॉफ्टवेअरची असेल, तर आधी त्याच सॉफ्टवेअरच्या अधिकृत वेबसाइटवर ‘कम्युनिटी’ किंवा ‘सपोर्ट’ हा दुवा शोधावा. तिथून गेल्यास नकली ग्रुपमध्ये शिरण्याची भीती कमी होते.

ग्रुप चांगला आहे हे कसे ओळखावे?

सदस्यसंख्या पाहून फसू नये. फेसबुकवर मोठ्या कंपन्यांच्या नावाने कुणीही ग्रुप काढू शकतो. त्याऐवजी शेवटच्या दहा-वीस पोस्ट वाचाव्यात. प्रश्नांना उत्तरे मिळतात का? चुकीच्या उत्तराला कुणी हटकते का? नियम लिहिलेले आहेत का आणि ते पाळायला लावणारे मॉडरेटर आहेत का? प्रत्येक पोस्टखाली ‘इनबॉक्समध्ये या’ किंवा एखादा मोबाइल नंबर दिसत असेल, तर तो ग्रुप सोडलेला बरा.

प्रश्न कसा लिहावा?

उत्तर देणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. त्यांना समोरचा कॉम्प्युटर दिसत नाही. दिसते ते फक्त लिहिलेले. म्हणून ‘लॅपटॉप चालत नाही, अर्जंट, प्लीज हेल्प’ या पोस्टला सहसा उत्तर मिळत नाही. तीच अडचण अशी लिहिता येते:

“विंडोज ११. काल रात्री अपडेट झाल्यापासून वायफायचे चिन्हच दिसत नाही. केबल लावली की इंटरनेट चालते. रीस्टार्ट केले, एअरप्लेन मोड तपासला, वायफायचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, फरक नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डावर पिवळे चिन्ह असून ‘कोड १०’ असे दिसते.” सोबत लॅपटॉपचे पूर्ण मॉडेल.

यात सिस्टम कोणती, कधीपासून, काय चालते, काय चालत नाही, काय करून पाहिले आणि नेमका एरर कोणता हे सगळे आले. विंडोजची आवृत्ती सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’ आणि मग ‘अबाउट’ या ठिकाणी सापडते.

वर दिलेले बहुतेक गट इंग्रजीत चालतात. मराठीत लिहून भाषांतराच्या साधनाने इंग्रजी केले तरी चालते. वाक्ये छोटी ठेवावीत, एरर मात्र मूळ शब्दांतच द्यावा. व्याकरण चुकले म्हणून उत्तर अडत नाही, माहिती अपुरी असली की अडते.

स्क्रीनशॉट टाकण्याआधी त्यातला ईमेल, फोन नंबर, प्रॉडक्ट की आणि उघड्या टॅबची नावे झाकावीत. विंडोजमध्ये डिस्कला कुलूप लावणारी बिटलॉकर ही सोय असते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की कुणालाही, कधीही देऊ नये.

उत्तर मिळाले, पण ते वापरावे का?

आधी तारीख पाहावी. सात वर्षांपूर्वीचा बरोबर उपाय आजच्या आवृत्तीत लागू पडेलच असे नाही. मग खालच्या प्रतिसादांत किती जणांनी ‘जमले’ म्हटले आहे ते पाहावे. कुणी ‘यामुळे फाइली गेल्या’ असे लिहिले असेल, तर तिथेच थांबावे.

कमांड चालवण्याआधी ती काय करते ते स्वतंत्रपणे शोधावे. ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही विंडोजच्या फाइली तपासणारी कमांड निरुपद्रवी आहे. पण ‘फॉरमॅट’, ‘डिलीट’ किंवा लिनक्समधली ‘आरएम’ चुकीच्या ठिकाणी चालली, तर फोटो परत मिळत नाहीत. म्हणून कुठलाही मोठा उपाय करण्याआधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी.

एआय चॅटबॉट एररचा अर्थ सोपा करून सांगण्यात उपयोगी पडतात. पण नसलेला मेनू किंवा चुकीची कमांडही ते तितक्याच आत्मविश्वासाने सांगू शकतात. डिसेंबर २०२२ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने एआयकडून लिहून घेतलेल्या उत्तरांवर बंदी घातली, ती याच कारणाने. चॅटबॉटचा उपाय खऱ्या चर्चेशी ताडून पाहावा.

सापळे कोणते?

- खोटा कस्टमर केअर नंबर. कमेंटमध्ये किंवा सर्चमध्ये आलेला नंबर अधिकृत असेलच असे नाही. तो कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन तपासावा.
- स्क्रीन ताब्यात मागणारा माणूस. एनीडेस्कसारखी अ‍ॅप्स स्वतः वाईट नाहीत, पण अनोळखी माणसाला त्यातून शिरू दिले तर बँक खातेही त्याच्यासमोर उघडे पडते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये अशा फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते.
- ‘विंडोज आणि आर दाबा, पेस्ट करा, एंटर दाबा.’ ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असे सांगणारे खोटे पान ही युक्ती वापरते. त्यातून आपल्याच हाताने व्हायरस चालवला जातो.
- हॅक झालेले खाते परत मिळवून देणारा ‘एक्सपर्ट’. ‘माझे इन्स्टा हॅक झाले’ अशी पोस्ट टाकली की असे प्रतिसाद येऊ लागतात. खाते परत मिळवण्याचा मार्ग त्या अ‍ॅपच्या अधिकृत मदत पानावरूनच जातो.

चांगला ग्रुप उत्तर सगळ्यांसमोर देतो. चर्चा खासगीत नेण्याची, पैसे किंवा ओटीपी मागण्याची त्याला गरज नसते.

ग्रुपवर विसंबू नये अशा वेळा

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर कॉम्प्युटर बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्यावा. प्रयोग करत राहिल्यास उरलेलेही जाऊ शकते. बॅटरी फुगली असेल, तर चार्जिंग बंद करून सर्व्हिस सेंटर गाठावे. ऑफिसचा कॉम्प्युटर असेल, तर आयटी विभागालाच सांगावे.

रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या असतील, तर युरोपोल आणि डच पोलिसांच्या सहभागाने २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या वेबसाइटवर काही प्रकारांसाठी मोफत किल्ल्या मिळतात. आणि पैसे गेलेच असतील, तर पोस्ट टाकत बसण्याऐवजी तातडीने १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.

अडचण सुटली की एक काम उरते

आपला एरर शोधताना अगदी तोच प्रश्न सापडतो, आशा वाटते आणि खाली फक्त ‘सुटला, धन्यवाद’ असे दिसते. उपाय काय होता, ते लिहिलेलेच नसते.

म्हणून अडचण सुटल्यावर त्याच धाग्यात परत जाऊन कशाने सुटली ते दोन ओळींत लिहावे, ज्याच्या उत्तराने काम झाले त्यावर खूण करावी. वर्षभराने कुणीतरी रात्री उशिरा, दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेच्या फॉर्मसाठी तोच एरर शोधत असेल, तेव्हा त्याला त्या दोन ओळी उपयोगी पडतील.